‘प्रोफेस’ या शब्दाचा अर्थ : मेश्राम निकालाचे परीक्षण

बौद्ध समाजाच्या हक्कांचा इतिहास सांगताना आपले अभ्यासक बहुधा १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपासून आरंभ करतात आणि १९९० च्या दुरुस्तीपाशी येऊन थांबतात. या दोन टोकांमध्ये चौतीस वर्षांचा काळ आहे. या काळात आपला प्रश्न जसा मोर्चांतून आणि सत्याग्रहांतून लढविला गेला, तसा तो न्यायालयांच्या दालनांतही लढविला गेला. आणि तेथे तो बहुतांशी एकेका शब्दावर लढविला गेला. ‘प्रोफेस’ हा इंग्रजी शब्द त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा होय. पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली या शब्दाचा जो अर्थ लावला, त्याचे परीक्षण आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. न्यायाधीशाने कायद्याच्या शब्दाचा अर्थ कसा लावावा याविषयी निरनिराळे पंथ आहेत. त्या पंथांच्या कसोटीवर हा निकाल कसा उतरतो, आणि तथागतांच्या विनयपरंपरेने याच प्रश्नाला कोणते उत्तर दिले आहे, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निर्वचनाचे पंथ ढोबळ मानाने तीन सांगता येतील. पहिला अक्षरवाद्यांचा. विधिमंडळाने जे शब्द योजले तेच कायदा होत, त्यांच्या मनात काय होते याचा शोध घेण्याचा न्यायाधीशास अधिकार नाही, असे हे म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अँटोनिन स्कॅलिया हे या पंथाचे अलीकडचे नामांकित आचार्य. दुसरा पंथ हेतुवाद्यांचा. इंग्लंडात १५८४ साली हेडनच्या खटल्यात न्यायाधीशांनी असा दंडक घातला की, कायदा होण्यापूर्वी कोणता उपद्रव चालू होता व त्यावर कोणता उपाय योजिला गेला हे आधी पाहावे, आणि उपद्रवाचे निवारण होईल असाच अर्थ लावावा. तिसऱ्या पंथाचे लोक संविधानाकडे नैतिक तत्त्वांचा ग्रंथ म्हणून पाहतात आणि त्या तत्त्वांची उत्तम मांडणी करणारा अर्थ स्वीकारतात. रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९८६ च्या ‘लॉज एम्पायर’ या ग्रंथात ही भूमिका सविस्तर मांडली. आपल्याकडे हे तिन्ही पंथ एकाच न्यायालयात नांदतात. १९५० च्या गोपालन खटल्यात अनुच्छेद २१ चा अर्थ अक्षराला धरून लावला गेला, आणि १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात तेच अक्षर फार मोठा आशय वाहू लागले. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांतून या पंथांची वर्णने सुबक रीतीने दिलेली असतात. ती वाचताना असा भास होतो की, पंथ निवडला की न्याय आपोआप हाती येतो. मेश्राम निकाल हा भास दूर करतो, म्हणूनच आम्हांस तो अभ्यसनीय वाटतो.

आधी मूळ मजकूर पाहू. संविधानाच्या अनुच्छेद ३४१ अन्वये राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाचा आशय असा की, हिंदू धर्माहून भिन्न धर्म जो ‘प्रोफेस’ करतो त्यास अनुसूचित जातीचा सदस्य मानले जाणार नाही. १९५६ साली यात शीख धर्माची भर पडली. बौद्ध धर्माची भर पडण्यास १९९० साल उजाडावे लागले. अनुच्छेद ३४१ मध्ये धर्माचा उल्लेख नाही. तेथे जाती, वंश, जमाती व त्यांचे भाग किंवा गट एवढेच शब्द आहेत. धर्माची अट आली ती आदेशातून. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व गुंता तेथूनच निघतो.

मेश्राम खटल्याच्या दहा वर्षे आधी याच परिच्छेदाचा प्रश्न भंडाऱ्याहून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम हा तो खटला. निकाल फेब्रुवारी १९५४ चा, आणि तो लिहिला न्या. व्हिव्हियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. गंगाराम ठवरे हे जन्माने महार, परंतु त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारलेला. अशा माणसास राखीव जागेसाठी उभे राहता येते काय, असा वाद होता. श्रीचक्रधरांचा हा पंथ जातिभेद मानीत नाही, वेदप्रामाण्यही मानीत नाही. न्या. बोस यांनी पंथाच्या सिद्धांतांचा काथ्याकूट फारसा केला नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारात घेतल्या: जुन्या समाजाने या माणसास कसे वागविले, त्याचा स्वतःचा इरादा काय होता, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. महार समाजाने ठवरे यांना दूर लोटले नव्हते. त्यांनीही समाजाशी नाते तोडले नव्हते. सबब ते अनुसूचित जातीचेच राहिले, असा निर्वाळा मिळाला. या खटल्याच्या परिणामी भंडाऱ्याची निवडणूक रद्द ठरली, आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत स्वतः बाबासाहेब तेथील राखीव जागेसाठी उभे राहिले व पराभूत झाले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या पराभवाच्या कहाण्या आपल्याकडे पुष्कळ सांगितल्या जातात. पोटनिवडणूक ज्या निकालामुळे आली तो निकाल मात्र कोणी वाचीत नाही.

न्या. बोस यांची पद्धत अक्षरवाद्याची नव्हती, आणि निखळ हेतुवाद्याचीही नव्हती. माणूस प्रत्यक्षात कसा जगतो हे पाहून त्यांनी शब्दाचा अर्थ ठरविला. ही दृष्टी उदार होती. परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. एकटा माणूस जुना समाज सोडून जातो आणि मागे राहिलेला समाज त्याचा निवाडा करतो, असे चित्र त्या तीन कसोट्यांमागे आहे. अडीच वर्षांनी नागपूरच्या मैदानावर जे घडले ते या चित्रात बसणारे नव्हते. तेथे लाखो माणसे एकाच वेळी निघाली. वस्त्यांच्या वस्त्या निघाल्या. मागे राहून निवाडा करणारा ‘जुना समाज’ उरलाच कोठे? ज्यांनी दीक्षा घेतली तेच आप्त, तेच शेजारी, तेच पंच. त्यांनी एकमेकांस वाळीत टाकण्याचा प्रश्नच नव्हता. जसानी निकालातील पहिली कसोटी येथे अर्थशून्य होते, आणि दुसरी कसोटी, म्हणजे व्यक्तीचा इरादा, नेमकी उलट्या दिशेने बोलू लागते, कारण बावीस प्रतिज्ञांत जुन्या धर्माचा त्याग स्पष्ट शब्दांत केलेला आहे.

१९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातील राखीव मतदारसंघातून डॉ. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा आक्षेप निवडणूक याचिकेत घेण्यात आला, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लिहिला न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी. तेही पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचेच. आपल्या समाजाच्या या दोन्ही मोठ्या खटल्यांत नागपूरच्या न्यायासनावर बसलेल्या माणसांनी लेखणी चालवावी, हा योगायोग खरा, पण विदर्भाच्या भूमीत हा प्रश्न किती खोल रुजला होता याची ती खूणही आहे.

न्या. मुधोळकरांनी शब्दकोश उघडला. ‘प्रोफेस’ म्हणजे उघडपणे जाहीर करणे. मनातील श्रद्धा वेगळी, आणि ती लोकांसमोर प्रकट करणे वेगळे. आपण जुना धर्म सोडला व नवा स्वीकारला असे एखाद्याने सर्वांसमक्ष घोषित केले, की तो नवा धर्म ‘प्रोफेस’ करतो असे धरले पाहिजे. मग दीक्षाविधी शास्त्रोक्त झाला की नाही, धर्मांतर परिपूर्ण झाले की नाही, याची चौकशी निष्फळ आहे, असे न्यायालयाने म्हटले. डॉ. मेश्राम यांनी तशी जाहीर घोषणा केली होती असे ठरले आणि त्यांची जागा गेली.

या निकालावर आपल्याकडे जी टीका झाली व होते, ती बहुधा परिणामावर होते. परिणाम अन्यायाचाच होता, यात शंका नाही. विहारात गेल्याने गावच्या विहिरीवरची बंदी उठत नाही, आणि नाव बदलल्याने सवर्ण शेजाऱ्याचे मन बदलत नाही. राखीव जागा ज्या वंचनेसाठी होत्या ती वंचना दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीही तशीच उभी होती. तरीही आमचे स्पष्ट मत असे की, ‘प्रोफेस’ या एका शब्दापुरता न्या. मुधोळकरांचा अर्थ योग्य होता, आणि बौद्धांनी तो आनंदाने स्वीकारावा असाच आहे. धर्मांतर सिद्ध होण्यास भटजी लागत नाही, होम लागत नाही, कोणत्याही मठाधिपतीचा दाखला लागत नाही. माणसाने चारचौघांत उभे राहून उच्चारलेला शब्द पुरेसा आहे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले. त्रिशरण-पंचशील उच्चारून उपासक होणे ही बुद्धकाळापासूनची रीत आहे. बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि त्याच मैदानावर समुदायास ती स्वतः दिली. त्या घटनेचा अर्थही हाच. ज्यांनी डॉ. मेश्राम यांची जागा वाचविण्यासाठी ‘दीक्षा विधिपूर्वक झालीच नव्हती’ असा युक्तिवाद करावयाचा, त्यांनी तो यशस्वी झाला असता तर नागपूरच्या लाखोंची दीक्षा पुरोहितशाहीच्या तराजूत पडली असती, याचा विचार करावा.

येथे भाषेविषयी एक लहानशी गोष्ट नोंदवून ठेवतो. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्येही ‘प्रोफेस’ हाच शब्द आहे. हिंदी पाठात तेथे ‘मानना’ हा शब्द योजला आहे. मानणे ही मनाची क्रिया. प्रकट करणे ही वाणीची. न्या. मुधोळकरांसमोर हिंदी पाठ असता आणि तोच आधार धरला असता, तर कदाचित निकालाची सारी रचना बदलली असती. अक्षरवाद्यांना आम्ही विचारतो: कोणत्या भाषेचे अक्षर?

खरा पेच मात्र ‘प्रोफेस’ या शब्दात नव्हता. तो ‘हिंदू’ या शब्दात होता. अनुच्छेद २५ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की, त्या अनुच्छेदाच्या खंड २ च्या उपखंड (ख) मध्ये हिंदूंचा जो निर्देश आहे त्यात शीख, जैन किंवा बौद्ध धर्म मानणाऱ्यांचाही समावेश धरावा. मग आदेशातील ‘हिंदू’ या शब्दातही बौद्ध का येऊ नयेत? तसा अर्थ लावला असता डॉ. मेश्राम यांची जागा राहिली असती, आणि त्यांच्यामागे लक्षावधी बौद्धांच्या सवलतीही राहिल्या असत्या. न्यायालयाने तो मार्ग नाकारला. स्पष्टीकरणातील व्यापक अर्थ हा त्या उपखंडापुरता, म्हणजे हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्यापुरता आहे. आदेशातील ‘हिंदू’ हा शब्द मात्र संकुचित अर्थाने, जातिभेद मानणाऱ्या व जातीवर आधारलेली विधिनिषेधांची चौकट सांगणाऱ्या सनातन हिंदू धर्माच्या अर्थाने आला आहे, असे न्यायालयाने सांगितले.

हे वाक्य आम्ही अनेकदा वाचले आहे. दर वेळी आम्हांस त्याची दोन तोंडे दिसतात. एका तोंडाने ते आपला हक्क काढून घेते. दुसऱ्या तोंडाने ते सांगते की, हिंदू धर्म म्हणजे जात मानणारा धर्म, आणि बौद्ध त्यात नाहीत. बाबासाहेबांनी ‘जातिभेद निर्मूलन’ लिहिताना जे प्रतिपादिले होते, तेच अठ्ठावीस वर्षांनी न्यायालयाच्या निकालपत्रात आले, आणि आले तेव्हा आपल्याच विरुद्ध वापरले गेले.

आता आपल्यांतील एका विसंगतीकडे वळणे भाग आहे. आपल्या सभासंमेलनांतून दुसऱ्या स्पष्टीकरणाचा निषेध होतो. बौद्धांना हिंदूंच्या पोटात घालणारे ते स्पष्टीकरण रद्द करावे, हिंदू विवाह कायद्यातून बौद्धांना वगळून स्वतंत्र बौद्ध विवाह कायदा करावा, अशा मागण्या होतात. त्या मागण्या आम्हांसही मान्य आहेत. परंतु त्याच व्यासपीठावरून मेश्राम निकालाला ‘जातीयवादी’ म्हणताना आपण हे विसरतो की, त्या निकालाने स्पष्टीकरणाचा विस्तार करण्यास नकार दिला, म्हणजे आपणच मागतो ती गोष्ट केली. जागा हवी तेव्हा ‘हिंदू’ शब्द रुंद करावा आणि विवाह लावताना तो अरुंद करावा, अशी निर्वचनाची पद्धत असू शकत नाही. उलट पक्षालाही ही सवय आहे, आणि अधिक प्रमाणात आहे: बौद्ध लेणी, बौद्ध स्थळे आणि बौद्ध मतदार मोजताना हिंदू धर्म विशाल होतो, आणि सवलत द्यावयाची वेळ आली की तो एकाएकी आखूड होतो.

मग न्यायालयाने काय करावयास हवे होते? आमच्या मते, प्रश्न तिसऱ्या परिच्छेदातील शब्दांचा अर्थ लावण्यापाशी थांबावयास नको होता. अनुच्छेद ३४१ ज्या उपद्रवावरील उपाय आहे तो उपद्रव अस्पृश्यतेचा आहे. त्या उपायास धर्माची अट लावणे हे मूळ अनुच्छेदाशी आणि धर्मावरून भेद करू नये असे सांगणाऱ्या अनुच्छेद १५ शी सुसंगत आहे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा होता. आदेश हा संविधानाहून खालचा मजकूर. त्याचा अर्थ लावताना वरच्या मजकुराकडे पाहावयाचे असते. १९८५ च्या सूसाई खटल्यात हा प्रश्न ख्रिस्ती धर्मांतरितांच्या संदर्भात पुढे आला, तेव्हा नव्या धर्मातही तीच वंचना तितक्याच तीव्रतेने कायम आहे हे पुराव्याने दाखवा, असे न्यायालयाने सांगितले. २००४ साली दाखल झालेल्या याचिकांत तो पुन्हा उपस्थित झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी आयोग नेमण्यात आला. बौद्धांचा प्रश्न १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात संसदेने सोडविला. तो एका शब्दाची भर घालून सोडविला. अट तशीच ठेवली.

विनयपिटकाकडे आम्ही वळतो ते अलंकार म्हणून नव्हे. सुत्तविभंगातील प्रत्येक शिक्षापदाची रचना ज्याने पाहिली आहे, त्यास हेडनच्या खटल्यातील दंडक नवा वाटणार नाही. आधी निदान: अमुक नगरात अमुक भिक्खूने अमुक वर्तन केले, लोकांनी नावे ठेवली, तथागतांच्या कानी गेले. मग नियमाची प्रज्ञप्ती. पुढे अडचण आली तर अनुप्रज्ञप्ती, म्हणजे दुरुस्ती. काही शिक्षापदांत ती अनेकदा झालेली आहे. मग पदभाजनीय, म्हणजे नियमातील एकेका शब्दाची व्याख्या. शेवटी अनापत्ती, कोणास दोष लागत नाही याची यादी. नियम का करावयाचे याची दहा प्रयोजनेही सांगितलेली आहेत. शब्द, उपद्रव, दुरुस्ती, व्याख्या आणि अपवाद ही सर्व अंगे एकाच ठिकाणी जपून ठेवणारी याहून जुनी विधिसंहिता आमच्या पाहण्यात नाही. अक्षर आणि हेतू यांची तेथे फारकत नाही, कारण हेतू नियमाच्या शेजारीच लिहिलेला आहे.

मतभेद तेथेही झाले. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदास सांगितले होते की, संघाची इच्छा असेल तर त्याने क्षुद्रानुक्षुद्र शिक्षापदे काढून टाकावीत. राजगृहाच्या संगीतीत प्रश्न आला: क्षुद्रानुक्षुद्र कोणती? आनंदाने विचारून घेतले नव्हते. कोणी काही सांगितले, कोणी काही. अखेर महाकाश्यपांनी ठराव मांडला की, एकही नियम काढू नये. गृहस्थांना आपले नियम माहीत आहेत, शास्त्याच्या चितेचा धूर असेतोवरच यांनी नियम पाळले असे ते म्हणतील. हा निर्णय अक्षरवादी होता, आणि त्याचे कारण लोकांचा विश्वास हे होते. ‘मिलिंदपञ्हा’त मिलिंद राजा याच प्रसंगावर नागसेनास पेचात पकडतो: बुद्ध जाणून नियम करतात असे म्हणता, मग काढण्याची मुभा कशी दिली? नागसेन उत्तर देतो की, ती मुभा परीक्षेसाठी होती. मरणासन्न राजा पुत्रांना सीमेवरील प्रांत सोडून देण्यास सांगतो तेव्हा पुत्र काही ते सोडीत नाहीत. परस्परविरोधी भासणाऱ्या दोन वचनांना प्रसंग, वक्ता आणि हेतू पाहून सुसंगत करणे, ही मेण्डकप्रश्नांची सारी रीत आहे. आजचे वकील तिला समन्वयी निर्वचन म्हणतात. ज्या नागसेनवनात बाबासाहेबांनी आपल्या महाविद्यालयास मिलिंदाचे नाव दिले, त्याच शहरात ही तुलना कोणी विस्ताराने केलेली नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत वज्जिपुत्रकांच्या दहा वस्तूंचा निवाडा झाला, तेव्हा शिंगात मीठ साठविणे आणि सोनेरूपे स्वीकारणे ही दोन्ही एकाच तागडीत तोलली गेली. सोन्यारुप्याबाबत संघ सर्वथा योग्य होता. मिठाबाबत तो जरा अधिकच काटेकोर झाला, असे आम्हांस वाटते.

या सर्वांहून उपयुक्त आहेत ते भेसज्जक्खंधकातील चार महापदेश. जे मी निषिद्ध केले नाही, पण जे अनुचिताशी जुळते व उचिताच्या विरुद्ध जाते, ते अनुचित समजावे. जे मी अनुज्ञात केले नाही, पण जे उचिताशी जुळते, ते उचित समजावे, असा त्यांचा गाभा. मौनाचा अर्थ साधर्म्यावरून लावण्याची ही रीत होय. आदेशाने १९५० साली बौद्धांविषयी मौन बाळगले होते. त्या वेळी तो प्रश्नच उभा राहिलेला नव्हता. या कसोटीने पाहता जातीच्या वंचनेशी साधर्म्य कोणाचे आहे, एवढाच प्रश्न उरला असता.

सर्वोच्च न्यायालयातील न्या. मार्कंडेय काटजू यांनी आपल्या निकालांतून व व्याख्यानांतून मीमांसेच्या निर्वचननियमांचा हिरिरीने पुरस्कार केला. त्यापूर्वी किशोरीलाल सरकार यांनी १९०५ च्या टागोर विधिव्याख्यानांत हाच विषय घेतला होता. परकीय नियमांऐवजी स्वदेशी नियम वापरावेत हा आग्रह आम्ही समजू शकतो. परंतु मीमांसेचा पाया वेद अपौरुषेय आहे हा आहे. ज्या ग्रंथास कर्ताच नाही, त्याच्या कर्त्याचा हेतू कोठून येणार, आणि कोणत्या उपद्रवावर तो उपाय असणार? संविधानास कर्ते आहेत, तारीख आहे, वादविवादांचे खंड आहेत. विनयालाही वक्ता आहे, नगर आहे, प्रसंग आहे. स्वदेशी आदर्शच शोधावयाचा तर तो जैमिनीपाशी शोधावा की उपालीपाशी, हे विद्वानांनी निष्पक्षपणे ठरवावे.

बाबासाहेब स्वतः कोणत्या पंथाचे? या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई अनेकांनी केली आहे. १३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘यथोचित प्रक्रिये’च्या वादाला उत्तर देताना त्यांनी दोन्ही बाजूंची भीती बोलून दाखविली: विधिमंडळ पक्षशिस्तीने बांधलेले, आणि न्यायासनावर बसलेली पाचसहा माणसेही आपल्या पूर्वग्रहांसह माणसेच. कोणावरही डोळे झाकून भिस्त ठेवण्यास ते तयार नव्हते. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये अटकेसंबंधीचा जो अनुच्छेद त्यांनी आणला, तो त्या वेळी राहिलेली पोकळी काही अंशी भरून काढण्यासाठी. मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने मागासांच्या शैक्षणिक जागा रद्द केल्या. तेव्हा कायदामंत्री म्हणून लोकसभेपूर्वीच्या हंगामी संसदेत बोलताना त्यांनी तो निकाल अत्यंत असमाधानकारक ठरविला. निकाल पाळीन, पण त्याविषयी आदर बाळगण्यास मी बांधील नाही, असा त्यांचा भाव होता. त्यांचा मुख्य मुद्दा कोणता, हे पाहण्यासारखे आहे. अनुच्छेद २९ (२) मधील ‘केवळ’ या शब्दाकडे न्यायाधीशांनी दुर्लक्ष केले, असे त्यांनी सांगितले. केवळ जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारू नये, असे अनुच्छेद म्हणतो. इतरांस न्याय देताना कोणाची जागा गेली तर ती ‘केवळ’ जातीमुळे गेली असे होत नाही. आणि त्याच भाषणात त्यांनी दुर्बल घटकांचे हित जपण्यास सांगणाऱ्या अनुच्छेद ४६ चा आधार घेतला. एका श्वासात अक्षर, दुसऱ्यात हेतू. न्यायाधीशाने अक्षर अर्धवट वाचले की बाबासाहेब अक्षराचे वकील होत, आणि त्याने हेतू विसरला की हेतूचे. निकाल बदलला नाही, तेव्हा त्यांनी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ (४) आणला.

१ ऑगस्ट २०२४ च्या दविंदर सिंग निकालात सात न्यायाधीशांपैकी सहांनी अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण वैध ठरविले आणि २००४ चा चिन्नय्या निकाल बाजूला सारला. अनुच्छेद ३४१ मधील ‘समजल्या जातील’ या शब्दांनी सर्व जाती एकजिनसी होत नाहीत, असे बहुमताने म्हटले, न्या. बेला त्रिवेदी यांनी, यादीत फेरफार करण्याचा अधिकार संसदेचा आहे, या अक्षरावर बोट ठेवून भिन्नमत दिले. आपल्या समाजात या निकालावर जे दोन तट पडले आहेत, त्यांतील बहुतेकांनी पंथ आधी निवडला की लाभ आधी पाहिला, हे ज्याचे त्याने तपासावे. आमचे त्यावरील मत स्वतंत्र लेखाची जागा घेईल.

शब्दाचा अर्थ बदलल्याने सामान्य माणसाच्या पायाखालचे अंतर कसे बदलते, याचे उदाहरण पाहण्यासाठी आम्हांस दूर जावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि येथील माणसाचे उच्च न्यायालय मुंबईत गेले. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहिले, कामगार आले, तंटे आले. पण रिट याचिका करावयाची तर सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा प्रवास, वकिलाची फी आणि दर तारखेला बुडणारा रोज. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये दोन वाटा होत्या. उपकलम (२) अन्वये राष्ट्रपतींनी आदेश काढून कायम खंडपीठ स्थापावे, किंवा उपकलम (३) अन्वये मुख्य न्यायाधीशांनी राज्यपालांच्या संमतीने ठरविलेल्या अन्य ठिकाणीही न्यायाधीशांनी बसावे. मुख्य न्यायाधीश व्ही. एस. देशपांडे यांनी दुसरी वाट धरली, आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, न्यायाधीश बसू लागले. नारायण शामराव पुराणिक व इतरांनी त्यास आव्हान दिले. हे नावापुरते बसणे, वस्तुतः खंडपीठच. पुनर्रचनेच्या काळासाठीची ही तात्पुरती तरतूद आता वापरता येणार नाही, असा युक्तिवाद झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आव्हान मान्य करून आपल्याच मुख्य न्यायाधीशांचा आदेश रद्द केला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. उपकलम (३) हे उपकलम (२) वर अवलंबून नाही, त्यास काळाची मर्यादा घातलेली नाही, जे शब्द विधिमंडळाने लिहिले नाहीत ते न्यायालयाने आत घालू नयेत, असा त्याचा आशय होता. येथे गरिबाच्या बाजूने अक्षर उभे राहिले, आणि ‘हेतू’चे नाव घेऊन त्यास मुंबईतच थांबविण्याचा प्रयत्न झाला. १९८४ साली राष्ट्रपतींच्या आदेशाने खंडपीठ कायम झाले. चिकलठाण्याहून शहराकडे जाताना जालना रस्त्यावर त्याची इमारत लागते. कोल्हापुरास १८ ऑगस्ट २०२५ पासून न्यायाधीश बसू लागले, ते याच उपकलमान्वये.